आधी उठेल ती पहिली

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हटलं की लोकांना लगेच 'खराब' ऐकू येतं, म्हणून आधीच सांगून ठेवते, मी खराब नाही. मी सकाळी जरा उशिरा उठते, एवढंच. थंडीत तुम्हीही उशिरा उठता. पण म्हणून तुमची जागा काढून कुणी तुमच्या धाकट्या बहिणीला देत नाही. माझी दिली! आणि त्यापायी एका चांगल्या माणसाच्या हातातली कानस सुटली. ते आठवलं की आजही माझं टाळकं सटकतं.

माझा जन्म एका लख्ख स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, कारण धुळीचा एक कण जरी माझ्या पोटात गेला असता तरी मी कामातून गेले असते. माझ्या आत आरशासारखी गुळगुळीत चकती आहे. ती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक सुई, चकतीला न शिवता, लिहीत आणि वाचत जाते. सगळी तपासणी झाल्यावर एका बाईनं माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवली. पट्टीवर अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक नाव होतं. तेच नाव माझ्या आतही कायमचं कोरलेलं आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही डिस्कचं ते नाव नाही. मला तेव्हा केवढी मिजास चढली होती म्हणून सांगू!

पुढे मला आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या एका डिस्कला एकाच कॉम्प्युटरमध्ये बसवलं. मी वरच्या खाचेत, ती खालच्या. तिला मी धाकटी म्हणते. आमचा कॉम्प्युटर गेला कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत.

ती जागा तुम्ही बघायला हवी होती. एका भिंतीला मोठा आरसा, त्याच्यासमोर धरून चालायचे दोन दांडे, कोपऱ्यात प्लास्टरची पोती, आणि खिडकीखाली फळीवर ओळीनं मांडलेले एकेकटे बूट. हवेत सदैव पांढरी भुकटी. आमच्या कॉम्प्युटरला म्हणून जुन्या फुलाफुलांच्या चादरीचा अभ्रा शिवला होता. आम्ही दिसायचो उशीसारखे, पण धूळ आत येत नव्हती, तेव्हा तक्रार कशाला करू?

कार्यशाळा चालवायची एक मालकीणबाई. तिच्या वडिलांनी ती सुरू केली होती. ते गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तिचे काका, आणि ती असं दोघं मिळून काम बघायचे. पाय बनवायचे काका. माणसानं दारातून आत चार पावलं टाकली की ते लांबूनच सांगायचे, "डावीकडे टोचतंय ना? या, बसा." आणि खरंच डावीकडे टोचत असायचं.

मी आले तेव्हा काकांना मी डोळ्यांसमोर नको होते. "हा डबा मला पाय शिकवणार?" असं ते पुतणीला म्हणाले होते. पण हळूहळू त्यांना माझी सवय झाली. ते हातातलं छोटं यंत्र माणसाच्या उरलेल्या पायावरून फिरवायचे, आणि पायाचा सगळा उंचसखलपणा माझ्याकडे यायचा. मी तो लिहून ठेवायचे. मग त्या मापावरून शेजारचं कोरायचं यंत्र साचा कोरायचं. साच्यावर पाय तयार झाला की शेवटी काका घासायची कानस घेऊन बसायचे आणि पायाच्या आतल्या खोलगट भागातून अंगठा फिरवत राहायचे. अंगठा कुठे अडला की कानस चालायची.

"केसाचाही फरक नाही हं!" एकदा ते माझ्या अभ्र्यावर थाप मारून म्हणाले. मित्रांनो, माझं उभं आयुष्य त्या एका थापेवर निघालं असतं.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथंच आहे. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यांत आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. मी त्याला हजेरीवाला म्हणते. तो आम्हाला हाका मारतो आणि जी आधी 'हजर' म्हणेल तिला एक नंबर देतो. नंतर येईल तिला दोन नंबर. बस्स! पाठीवरची पट्टी नाही, आत कोरलेलं नाव नाही, काही विचारायचं नाही. आधी उठेल ती पहिली.

आणि बाकीचे सगळे त्या नंबरावर विसंबलेले. काकांचा प्रोग्राम मापं उघडायचा ती एक नंबरवरून. नवीन मापं ठेवायचा तीही एक नंबरवर. दर शनिवारी मालकीणबाई एक बटण दाबायची, की एक नंबरवरचं सगळं जसंच्या तसं दोन नंबरवर उतरायचं. मला काही झालं तर धाकटीकडे प्रत असावी, हा हेतू. हेतू चांगलाच होता, मी कुठे नाही म्हणते?

कितीतरी वर्षं मी रोज आधी उठले, त्यामुळे काही बिघडलं नाही. पण वय झालं. आतलं वंगण घट्ट झालं. एका गारठलेल्या सकाळी हजेरीवाल्यानं हाक मारली, मी कण्हत कुंथत फिरायला लागले, आणि तेवढ्यात खालून धाकटी ओरडली, "हजर!"

"तू एक नंबर," हजेरीवाला म्हणाला.

"अरे, एक नंबर मी!" मी ओरडले. "या आठवड्याची मापं माझ्याकडे आहेत. तिच्याकडे गेल्या शनिवारची आहेत!"

"तू उशिरा आलीस."

"माझं नाव तरी विचार! पाठीवर लिहिलंय, पोटात कोरलंय!"

"नाव विचारायचं मला कुणी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. त्याच्यापुढे मी हात टेकले.

त्या दिवशी एका पोस्टमनदादांचं नवं माप सापडेना. सापडणार कुठून? ते माझ्याकडे होतं आणि काका शोधत होते धाकटीकडे. "कॉम्प्युटरनं खाल्लं वाटतं," मालकीणबाई हसली. दुपारी तिनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. एव्हाना मी तापले होते, पटकन उठले, आणि माप हजर! "बघा काका, याचा मूड असतो," ती म्हणाली. मूड! मला मूड कसला? मी आतून किंचाळत होते आणि बाहेर ऐकू येत होती नुसती घरघर.

आता भिंगरीबद्दल सांगायला हवं. भिंगरी म्हणजे एक शाळकरी मुलगी. एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं, म्हणून काकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. ती वाढत्या वयाची, त्यामुळे दर वर्षी नवा पाय लागायचा. ती आली की दांडे न धरता सगळ्या खोलीभर उड्या मारायची. जमीन हादरली की माझी सुई थरथरायची. मी मनातल्या मनात म्हणायचे, अगं बाई, जरा दमानं घे, मी लिहितेय ना!

त्या मंगळवारी ती आईबरोबर आली. गेल्या वर्षी तिच्या पायाला बाजूला एक जखम होती. तिथं दाब पडू नये म्हणून काकांनी त्या मापातच सोय करून जुन्या पायात आतून बोटभर खळगा ठेवला होता. आता जखम भरून आली होती.

"वा! सफाचट झाली की," काका तिचा पाय बघत म्हणाले. "आता खळग्याची भानगड नको. आणि केवढी ताडमाड वाढलीस गं!"

"मग आता मी तुमच्याएवढी होणार?"

"माझ्याएवढी झालीस तर मला तुझ्याकडून पाय बनवून घ्यावे लागतील. बस नीट, हलू नकोस."

त्यांनी माप घेतलं. मी ते जिवापाड जपून लिहिलं. इतकं सुंदर माप बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा हाडं गोठवणारी थंडी. मी उठेपर्यंत धाकटीनं हजेरी लावली. काकांनी भिंगरीचं नाव शोधलं. पोस्टमनदादांसारखं 'सापडत नाही' आलं असतं तर बरं झालं असतं! पण भिंगरीचं गेल्या वर्षीचं माप धाकटीकडे होतं. पडद्यावर नाव आलं, तारीख काही दिसत नव्हती. काकांनी बटण दाबलं आणि यंत्र कोरायला लागलं.

मी धाकटीला म्हणाले, "अगं, ते जुनं आहे!"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "माझ्याकडे मागितलं, मी दिलं." तिचाही दोष नव्हता, हाच तर खरा वैताग.

संध्याकाळी काका कानस घेऊन बसले. अंगठा आत फिरवला आणि मध्येच थांबले. पुन्हा फिरवला. "इथं खोल कसं लागतंय?" ते स्वतःशीच पुटपुटले. मी जीव मुठीत धरून बसले. बोला काका, विचारा! पण त्यांनी मान हलवली. "यंत्रानं केलंय म्हणजे असेल काहीतरी. आपल्या अंगठ्याचं काय, म्हातारा झाला." कोणे एके काळी मला डबा म्हणणारा हा माणूस, आणि नको त्या दिवशी त्यानं माझ्या जातीवर विश्वास टाकला.

शनिवारी सकाळीही धाकटीच आधी उठली, आणि मालकीणबाईनं प्रत काढायचं बटण दाबलं. एक नंबरवरून दोन नंबरवर. म्हणजे धाकटीवरून माझ्यावर. मंगळवारचं ते सुंदर माप माझ्या अंगावरून पुसलं गेलं आणि त्याच जागी गेल्या वर्षीचं लिहिलं गेलं. लिहिलं माझ्याच सुईनं. आम्हाला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो.

सोमवारी भिंगरीनं नवा पाय घालून पाहिला. पाय आत जाईचना. कसाबसा गेला तर ती एका बाजूला कलली.

"काका, दुखतंय," ती म्हणाली. उडी नाही, काही नाही. दांडा धरून नुसती उभी राहिली.

तिची आई काकांना म्हणाली, "तुमच्या भरवशावर आम्ही लांबून येतो हो. माप नीट घ्यायचं ना!"

मालकीणबाईनं पाय कॉम्प्युटरमधल्या मापाशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. जुळणारच! आता दोन्ही डिस्कवर जुनंच माप होतं. त्याच महिन्यात एका बेकरीवाल्या आजोबांचाही पाय असाच बिघडला होता. तिनं त्यावरून हिशेब लावला, की यंत्र बरोबर आहे, म्हणजे माप घेणारा हात चुकतोय.

सगळे गेल्यावर ती काकांजवळ बसली. "काका, रागावू नका. यापुढे मापं मी घेत जाईन. तुम्ही नुसती देखरेख करा. इतकी वर्षं राबलात, आता आराम करा."

काका दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "हात गेला गं माझा. पोरीला दुखवलं मी." त्यांनी कानस पुसली, टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

तुम्हीच सांगा, तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तोंड मात्र नाही, तर काय वाटेल? मला इतका संताप आला होता, की त्या आठवड्यात मी नेहमीपेक्षा जास्त घरघरले. त्याचा उपयोग काय झाला? मालकीणबाईनं एक दुरुस्तीवाला बोलावला. तो आला, अभ्रा काढला, कान लावला, म्हणाला, "वरची डिस्क जुनी झालीय. फेकून द्या," आणि चहा न घेताच घाईघाईनं गेला. यंत्र उघडलंसुद्धा नाही त्यानं! पाठीवरची पट्टी वाचायला काय त्याचे डोळे झिजले असते?

भिंगरी आईबरोबर पुन्हा आली, आता मालकीणबाईकडून माप घ्यायला. मालकीणबाई प्लास्टर कालवत होती. ताटकळत बसणं भिंगरीला जमणार थोडंच! तिनं पायातला जुना पाय काढला, टेबलावरचा बिघडलेला नवा पाय ओढला आणि दोन्ही शेजारी शेजारी उभे केले.

"मावशी, हे बघा, जुळे!"

"हो गं, दोन्ही तुझेच ना," मालकीणबाई हात न थांबवता म्हणाली.

"तसं नाही हो. आत हात घाला. यात माझ्या जखमेची जागा आहे. आणि या नव्यातपण आहे!"

"असेल."

"कशी असेल? जखम तर गेली. काकाच म्हणाले ना, सफाचट झाली म्हणून. आता खळगा नको, असं पण म्हणाले. हो की नाही गं आई?"

"म्हणाले होते खरं," आई म्हणाली.

मालकीणबाईचा हात थांबला. तिनं प्लास्टरचे हात तसेच साडीला पुसले आणि नव्या पायात अंगठा घातला. मग जुन्यात. मग पुन्हा नव्यात. टेप आणली, उंची मोजली, घेर मोजला. दोन्ही पाय सगळीकडून सारखे निघाले.

"अगं आई गं," ती ओरडली. "हे मंगळवारचं माप नव्हेच. हे गेल्या वर्षीचं आहे. काकांचा हात नाही चुकला!"

हेच तर मी इतके दिवस ओरडून सांगत होते!

मग दुसरी एक दुरुस्तीवाली ताई आली. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणारी. तिनं आल्या आल्या विचारलं, "रोज सकाळी एक नंबर कुठल्या डिस्कला मिळतो?"

"कुठल्या म्हणजे?" मालकीणबाई गोंधळली. "एक नंबर ती एक नंबर."

"तसं कुणी ठरवून दिलंय का?"

मालकीणबाईनं नकारार्थी मान हलवली. ताईनं यंत्र रात्रभर बंद ठेवायला सांगितलं आणि सकाळच्या थंडीत स्वतः येऊन बटण दाबलं. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बघा, खालची आधी उठली. आता ही एक नंबर. दुपारी वरची होईल. तुम्ही मापं एकीत ठेवता आणि मागता दुसरीकडून. वर शनिवारी जुनं नव्यावर उतरवता."

मालकीणबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

ताईनं झाकण उघडलं, विजेरी धरली आणि माझ्या पाठीवरची पट्टी वाचली. मोठ्यानं, एकेक अक्षर आणि एकेक आकडा. कारखान्यातून निघाल्यापासून माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारलं. मला भरून आलं हो. मग ती हजेरीवाल्याच्या सेटिंगमध्ये शिरली आणि त्याला नवा नियम दिला. या नावाची डिस्क ती 'कामाची', त्या नावाची ती 'प्रतीची'. आधी कोण उठलं, कोण कुठल्या खाचेत आहे, ते बघायचं नाही. कामाची आली नसेल तर थांबायचं, तिची जागा दुसरीला द्यायची नाही. काकांच्या प्रोग्रामला आणि शनिवारच्या बटणालाही तिनं नंबराऐवजी हीच नावं दिली. शेवटी खात्री करायला मला खालच्या खाचेत टाकलं, धाकटीला वर. तरी मी कामाचीच राहिले.

"आणि ही जुनी? टाकून देऊ का?" मालकीणबाईनं विचारलं.

"कशाला? ठणठणीत आहे. उठायला वेळ लागतो तिला, थांबा की जरा."

मालकीणबाई दोन्ही पाय पिशवीत घालून काकांच्या घरी गेली. तिथं काय झालं ते मी बघितलं नाही, नंतर तिनंच भिंगरीच्या आईला सांगितलं ते ऐकलं. काकांनी नव्या पायात अंगठा घातला, मग जुन्यात. मग एकदम भडकले. "मला कळलं होतं! त्याच दिवशी कळलं होतं या अंगठ्याला! आणि तू, तुझ्या बापाच्या खांद्याला खांदा लावून मी काम केलं, तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की काका, तुमचं काय म्हणणं आहे म्हणून?"

"चुकलं माझं, काका."

"चुकलं म्हणे! मी इथं रोज हात बघत बसलोय." ती रडायला लागली तरी त्यांचा राग उतरला नाही. आणि का उतरावा? माझाही अजून उतरलेला नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पुतणीला म्हणाले, "पोरीच्या मापासाठी आलोय, तुझ्यासाठी नाही." कानस उचलली, खिडकीच्या उजेडात निरखली. "हिला गंज चढायला आला. कुणाचं लक्ष आहे का इथं?" असं करवादत त्यांनी ती साफ केली आणि मापासाठी पुन्हा बोलावलेल्या भिंगरीसमोर बसले. मंगळवारचं माप काही परत येणार नव्हतं. त्यांनी नवं घेतलं. मी ते लिहिलं आणि ते माझ्याकडेच राहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कुठेही माझ्यासारखं जुनं कुणी असेल तर एवढं करा. त्याचं नाव विचारा आणि ते नीट लावून ठेवा. ते उशिरा आलं तर त्याची जागा दुसऱ्याला देऊन मोकळे होऊ नका. आणि काही बिघडलं तर सगळ्यांत आधी म्हाताऱ्या हातांवर बोट ठेवू नका. त्या हातांना विचारा तरी.

हजेरीवाला आता मला रोज सकाळी माझ्या नावानं हाक मारतो. मी कण्हत कुंथत उठते. तो थांबतो, कुरकुर करतो, पण थांबतो.

भिंगरीचा पाय तयार झाला त्या दिवशी मी तिचंच माप वाचत होते. काकांनी पट्टा आवळला आणि म्हणाले, "चाल बघू." ती चालली नाही. तिनं दांडे सोडून उंच उडी मारली आणि दोन्ही पायांवर धाडकन उतरली. खिडकीखालचे बूट हलले, माझी सुई केवढ्यानं तरी थरथरली.

"अगं, हळू!" मालकीणबाई ओरडली. "कॉम्प्युटर बिघडेल!"

"बिघडू दे," काका म्हणाले. "मार गं, आणखी एक मार."

मीही तेच म्हणत होते.